हे वर्तन कशासाठी? : नव्या प्रशिक्षणार्थींचे प्रश्न

विशेष शाळांत आणि बालविकास केंद्रांत नव्याने रुजू झालेल्या वाचकांची पत्रे गेले काही महिने या सदराकडे येत आहेत आणि त्यांतील बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजे वर्तनाच्या आधी आणि नंतर काय घडते ते पाहून वर्तन बदलण्याची आणि कौशल्ये शिकवण्याची पद्धत. कामाच्या ठिकाणी सगळे त्याला ‘एबीए’ म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव ठेवले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. परिभाषेबद्दल एक खुलासा करते. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘रीइन्फोर्समेंट’ला (वर्तन बळावण्याला) प्रबलन आणि ‘एक्स्टिंक्शन’ला (ते बळ थांबवून वर्तन मावळू देण्याला) विलोपन म्हणतात, केंद्रांत मात्र इंग्रजी शब्दच कानावर पडतात. मी मुद्दाम मराठी शब्द वापरले आहेत, कारण ‘त्याला रीइन्फोर्स कर’ असे म्हणता म्हणता त्याचा अर्थ ‘त्याला चॉकलेट दे’ एवढाच उरला आहे, असे मला वारंवार आढळते.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी मी एका केंद्रात रुजू झाले. ‘एबीसी’च्या (पूर्वघटना, वर्तन, परिणाम यांच्या) तक्त्यात मी लिहिले, “अभ्यासाचा कंटाळा आल्यामुळे चिडून त्याने गोंधळ घातला.” वरिष्ठ ताईंनी संपूर्ण ओळ खोडली आणि “यात वर्तन कुठे आहे?” असे विचारले. माझे काय चुकले?
– एक प्रशिक्षणार्थी, नाशिक

उत्तर : ताईंनी ओळ खोडली ते योग्यच केले, का खोडली हेही सांगितले असते तर अधिक बरे झाले असते. तक्त्याचे तीन रकाने तीन साधे प्रश्न विचारतात : वर्तनाच्या लगेच आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले, आणि त्याच्या लगेच नंतर काय घडले. तुमच्या ओळीत यांपैकी एकाचेही उत्तर नाही. ‘कंटाळा’ आणि ‘चिडणे’ हे तुमचे निष्कर्ष आहेत, आणि ‘गोंधळ’ या शब्दात मुसमुसण्यापासून बाक उलथवण्यापर्यंत काहीही मावते. तीच घटना अशी लिहून पाहा : ‘१०.४० वाजता ताईंनी बेरजांचा कागद समोर ठेवून “सोडव” असे सांगितले. त्याने कागद जमिनीवर फेकला आणि दोन्ही हातांनी बाकावर सहा वेळा मारले. ताईंनी कागद उचलून कपाटात ठेवला आणि त्याला पाणी दिले.’ आता तिसऱ्या रकान्यात काहीतरी दिसू लागते, ते म्हणजे कागद गेला. चार-पाच दिवसांच्या नोंदींत दर वेळी कागद गेलेलाच दिसला, तर पुढे काय तपासायचे याचा धागा तुमच्या हाती लागतो.

‘चिडका आहे’ या उत्तराची खरी अडचण वेगळीच आहे. तो कागद का फेकतो? चिडका आहे म्हणून. चिडका आहे हे कशावरून? कागद फेकतो यावरून. घाण्याच्या बैलाप्रमाणे हे स्पष्टीकरण जिथून निघाले तिथेच परत येते, आणि उद्या सकाळी काय वेगळे करायचे हे त्यातून कधीच कळत नाही. याचा अर्थ मुलाला भावना नसतात असा नव्हे. वर्तनाच्या या अभ्यासाचा पाया घालणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीही मनातल्या मनात घडणाऱ्या गोष्टी वर्तनाच्या अभ्यासातून वगळल्या नव्हत्या. त्या गोष्टींना कारण म्हणून पुढे करून शोध तिथेच थांबवायला त्यांचा विरोध होता.

उद्दिष्टे लिहितानाही हीच शिस्त पाळावी लागते. स्किनर यांचे विद्यार्थी ओगडेन लिंडस्ली यांनी १९६० च्या दशकात एक काहीशी विचित्र पण अचूक कसोटी सांगितली होती : जे मेलेल्या माणसालाही जमते, ते वर्तन नव्हे. ‘शांत बसेल’, ‘मारणार नाही’, ‘त्रास देणार नाही’ ही उद्दिष्टे मृत व्यक्ती सर्वांत उत्तम रीतीने पूर्ण करते. त्याऐवजी ‘पाच मिनिटे खुर्चीत बसून चार तुकड्यांचे कोडे जुळवेल’ असे लिहिले, की काय शिकवायचे आणि काय मोजायचे हे दोन्ही एकाच वाक्यात येते.

प्रश्न : ‘ऋण प्रबलन म्हणजेच शिक्षा’ असे मी परीक्षेत लिहिले आणि गुण गेले. दोन्हींत काही अप्रियच घडत असेल, तर फरक काय?
– विशेष शिक्षण पदविकेचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुमचे नुकसान गुणांवर भागले, हाच घोटाळा वर्गात झाला, की ते मुलाला सोसावे लागते. दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे ठेवा. पहिला प्रश्न असा, की वर्तनानंतर काही आले की काही गेले? आले तर धन, गेले तर ऋण. येथे धन आणि ऋण यांचा चांगल्या-वाईटाशी काहीही संबंध नाही. ती गणितातील अधिक-उणे चिन्हे आहेत. दुसरा प्रश्न असा, की पुढे त्याच परिस्थितीत ते वर्तन वाढले की घटले? वाढले किंवा टिकले तर प्रबलन, घटले तर शिक्षा. म्हणजे ऋण प्रबलनात वर्तन वाढते. भर पावसात छत्री उघडली की अंगावर पडणारे पाणी थांबते, म्हणून पुढच्या सरीला आपला हात छत्रीकडे लवकर जातो. येथे कोणी कोणाला शिक्षा केलेली नाही.

दुसरा प्रश्न पहिल्याहून फार महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच विसरला जातो. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, आणि ज्या कृतीनंतर समाधान मिळते ती कृती पक्की होते असा नियम त्यांतून पुढे मांडला. स्किनर यांनी १९३८ च्या ग्रंथात समाधानाची भाषा बाजूला ठेवून वर्तन किती वेळा घडते याची मोजणी मध्यभागी आणली. हा बदल लहान वाटतो, पण आपले सगळे काम त्यावर उभे आहे : प्रबलन हे देणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही, पुढे काय घडले यावरून ठरते.

एक नेहमीचे उदाहरण घ्या. गणिताच्या तासाला मुलगा शेजाऱ्याची पेन्सिल ओढतो, आणि बाई त्याला वर्गाबाहेर उभे करतात. बाईंच्या लेखी ही शिक्षा आहे. पुढच्या दोन आठवड्यांत पेन्सिल ओढणे वाढले आणि तेही फक्त गणिताच्याच तासाला, तर व्याख्येनुसार हे ऋण प्रबलन झाले, कारण गणित टळले. गंमत अशी की बाईंचेही प्रबलन त्याच क्षणी होत असते. मुलगा बाहेर गेला की वर्ग शांत होतो, म्हणून बाई पुढच्या वेळी त्याला आणखी लवकर बाहेर काढतात. किराणा दुकानात रडणाऱ्या मुलाच्या हातावर गोळी ठेवणाऱ्या आईची गोष्ट हीच आहे : मुलाच्या रडण्याला गोळी मिळते आणि आईच्या गोळी देण्याला शांतता मिळते. नोंदी करताना फक्त मुलाचा रकाना भरू नका, मोठ्यांचाही भरा. मी तर म्हणेन, आधी तोच भरा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ‘शिक्षा’ हा येथे पारिभाषिक शब्द आहे, त्याला परवानगी समजू नये. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केलेली आहे.

प्रश्न : मुलाने काम केले की मी त्याला बटाट्याच्या वेफरचा तुकडा देते. त्याचे वडील म्हणाले, “ही तर लाच झाली.” मला उत्तर सुचले नाही. शिवाय दुपारच्या सत्रात वेफर चालतही नाहीत.
– एक प्रशिक्षणार्थी, ठाणे

उत्तर : वडिलांचा प्रश्न चांगला आहे, त्याला टाळू नका. लाच बहुधा चुकीचे काम करवून घेण्यासाठी आणि देणाऱ्याच्या फायद्यासाठी दिली जाते. पण शब्दाचा वाद घालण्यापेक्षा क्रम पाहा. मूल जमिनीवर लोळू लागल्यानंतर ‘उठ, म्हणजे वेफर देईन’ असे म्हटले, तर वेफरचा सौदा लोळण्यानंतर सुरू झाला, आणि पुढच्या वेळी सौद्याची सुरुवात लोळण्यानेच होईल. तेच वेफर कामानंतर, आधी ठरल्याप्रमाणे आणि लगेच मिळाले, तर कामाचे वर्तन बळावते. वस्तू एकच असली तरी ती कोणत्या क्षणी दिली यावर सगळे ठरते.

दुपारी वेफर का चालत नाहीत याचे उत्तर डब्यात आहे. पोट भरलेले असताना खाण्याचे मोल घसरते. तहान, कंटाळा, बराच वेळ न मिळालेला झोका यांनी त्या त्या गोष्टीचे मोल चढते. जॅक मायकेल यांनी १९८२ पासून या चढउताराची नीट मांडणी केली, आणि आज आपण त्याला ‘प्रेरक परिस्थिती’ म्हणू शकतो. म्हणून एकदा केलेली ‘आवडीच्या वस्तूंची यादी’ महिनाभर फाइलमध्ये लावून ठेवणे व्यर्थ आहे. सत्राच्या सुरुवातीला पाच-सहा वस्तू मांडा, मूल कशाला हात लावते ते पाहा, ती वस्तू बाजूला घेऊन उरलेल्या पुन्हा मांडा. दोन-तीन मिनिटांत आजचा क्रम कळतो.

खाऊ हे माझ्या मते शेवटचे साधन असावे, पहिले नव्हे. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये दाखवले की मूल मोकळेपणी जे अधिक वेळा करते, ती कृतीच कमी वेळा होणाऱ्या कृतीचे प्रबलन करू शकते. ‘आधी पोळी-भाजी संपव, मग श्रीखंड’ असे सांगणाऱ्या प्रत्येक आजीला हे तत्त्व प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते, हे खरे. पण आजीचे श्रीखंड सगळ्यांना आवडते, आणि आपल्यासमोरच्या मुलाला पंख्याखाली दोन मिनिटे उभे राहणे आवडत असेल. प्रत्येक वेळी खाऊसोबत नेमके शब्द बोला, ‘शाब्बास’ इतकेच न म्हणता ‘स्वतः झाकण उघडलेस!’ असे, म्हणजे खाऊ कमी होत गेला तरी शब्दांचे मोल शिल्लक राहते. नवे कौशल्य शिकवताना प्रत्येक बरोबर उत्तराला प्रबलन हवे. ते पक्के होऊ लागले, की दर दोन-तीन उत्तरांनंतर आणि मग अनियमितपणे द्यावे. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ च्या मोठ्या ग्रंथात अशा वेळापत्रकांचाच अभ्यास आहे. अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनावर टिकलेले वर्तन सहजासहजी मावळत नाही. वडिलांना हेही सांगा की वेफर कधी आणि कसे बंद होणार याची योजना पहिल्याच दिवशी लिहिलेली आहे. ती लिहिलेली नसेल, तर मात्र त्यांचा आक्षेप अर्धा खरा आहे.

प्रश्न : एक सात वर्षांचा, न बोलणारा मुलगा टेबलावर डोके आपटतो. “लक्ष वेधण्यासाठी करतो, दुर्लक्ष करा” असे मला सांगण्यात आले. मी आठवडाभर दुर्लक्ष केले आणि आपटणे वाढले. “हा विलोपनाचा उद्रेक आहे, धीर धरा,” असे आता सांगतात. मला भीती वाटते.
– एक सहायक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, आणि हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून ते तुम्हाला आधीच स्वतंत्रपणे कळवले आहे. स्वतःला इजा करणाऱ्या वर्तनावर नव्या सहायकाने एकट्याने, केवळ तोंडी सूचनेवर, विलोपनाचा प्रयोग करू नये. पहिले काम डॉक्टरांकडे जाण्याचे आहे. न बोलणाऱ्या मुलाचा कान ठणकत असेल, दाढ किडली असेल, बद्धकोष्ठता असेल, तर ते तो कोणत्या शब्दांत सांगणार? दुखणे हे कारण निघाले, तर कोणताही तक्ता त्यावर उपचार करू शकत नाही.

वैद्यकीय कारण नाही असे ठरल्यावर मूळ प्रश्न येतो : हे आपटणे मुलासाठी कोणते काम करते? ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांना वेगवेगळ्या ठरावीक परिस्थितींत ठेवून मोजणी केली. एका परिस्थितीत इजा केली की मोठ्यांनी काळजीचे शब्द बोलायचे, दुसरीत इजा केली की दिलेले काम थांबवायचे, तिसरीत मूल एकटे, चौथीत खेळ आणि भरपूर लक्ष. नऊपैकी सहा जणांमध्ये इजेचे प्रमाण एका विशिष्ट परिस्थितीतच ठळकपणे वाढले, आणि ती परिस्थिती प्रत्येकाची सारखी नव्हती. वरून एकसारखे दिसणारे आपटणे एकासाठी लक्ष मिळवण्याचे, दुसऱ्यासाठी काम टाळण्याचे आणि तिसऱ्यासाठी शरीराला मिळणाऱ्या संवेदनेचे साधन होते. आज आपण चार कामे धरून चालतो : लक्ष, सुटका, हवी ती वस्तू किंवा कृती, आणि स्वतःच्या शरीरातून मिळणारा परिणाम.

आता तुमच्या केंद्रातील सल्ला तपासून पाहा. विलोपन म्हणजे दुर्लक्ष नव्हे. वर्तनाला आजवर जे मिळत होते नेमके तेच मिळणे थांबवणे म्हणजे विलोपन. आपटणे लक्षासाठी असेल, तरच लक्ष न देणे हे विलोपन ठरते. ते कामातून सुटण्यासाठी असेल, तर दुर्लक्ष करताना तुम्ही सूचना देणेही थांबवलेत, म्हणजे त्याला हवी ती सुटका दर वेळी पुरवलीत. हे विलोपन नसून प्रबलन झाले, आणि आठवडाभरात वर्तन वाढणे अगदी अपेक्षित होते. ते संवेदनेसाठी असेल, तर तुमच्या दुर्लक्षाचा त्याच्याशी संबंधच नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : ‘जेवणाच्या सुट्टीत आणि झोक्यावर तो कधीच आपटत नाही, माझे लक्ष नसले तरीही.’ दूरून निदान करणे योग्य नाही, पण हे वाक्य तुमच्या वरिष्ठांना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे काम नाही तिथे आपटणे नाही आणि लक्ष नसतानाही आपटणे नाही, तर ‘लक्ष वेधण्यासाठी’ हे अनुमान कशावर उभे आहे?

उद्रेक ही खरी गोष्ट आहे. लिफ्टचे बटण दाबून लिफ्ट आली नाही, की आपण ते चार वेळा जोराने दाबतो, तसे प्रबलन थांबल्यावर वर्तन काही काळ तीव्र होऊ शकते. परंतु ते दर वेळी होतेच असे नाही, आणि वाढलेल्या प्रत्येक वर्तनाला ‘उद्रेक’ म्हणणे ही चुकीच्या योजनेला मिळालेली सोयीची ढाल ठरते. शिवाय सहा दिवस धीर धरून सातव्या दिवशी, आपटणे सर्वांत जोरात असताना, कोणी न राहवून त्याला उचलून घेतले, तर जोरात आपटण्यालाच फळ मिळते.

सर्वांत मोठी उणीव अशी आहे, की जुने साधन काढून घेताना मुलाला नवे कोणतेही साधन दिलेले नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये दाखवले की त्रासदायक वर्तनाचे काम ओळखून तेच काम करणारी संवादाची रीत शिकवली, तर ते वर्तन घटते. आणि शिकवलेले वाक्य त्या कामाशी जुळत नसेल, तर घटत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत सुटका हेच काम आहे असे तपासाअंती ठरले, तर ‘थोडे थांबू’ असे चित्र असलेले कार्ड टेबलावर त्याच्या हाताजवळ ठेवावे लागेल. आपटण्याच्या आधीच, काम सुरू झाल्यावर काही सेकंदांत, त्याला ते द्यायला मदत करावी, आणि कार्ड दिल्याबरोबर दर वेळी काम थांबवावे. ‘मग तो दिवसभर कार्डच देईल,’ ही तक्रार पहिल्या आठवड्यात हमखास येते. देऊ द्या. कार्ड पक्के झाले, की ‘एक तुकडा लाव, मग थांबू’ असे वाढवता येते. त्याच वेळी काम सोपे आणि छोटे करा. कदाचित ते काम मुळातच त्याच्या आवाक्याबाहेरचे असेल.

प्रश्न : सत्र चालू असताना नोंदी करणे जमत नाही. संध्याकाळी आठवून तक्ता भरला तर चालेल का?
– एक प्रशिक्षणार्थी, सोलापूर

उत्तर : चालणार नाही. संध्याकाळी आपल्याला दिवसातील सर्वांत वाईट प्रसंग आठवतो, दिवस आठवत नाही. सगळेच मोजायचा प्रयत्न करत असाल तर तो सोडा. एका वेळी एक वर्तन घ्या आणि हातातील मोजणीयंत्राने, किंवा एका खिशातील राजमा दुसऱ्या खिशात टाकून, ते मोजा. उपाय सुरू करण्यापूर्वीचे काही दिवस न चुकता मोजा, कारण ‘आधी किती होते’ हे ठाऊक नसेल तर ‘कमी झाले’ या म्हणण्याला आधार राहत नाही. आठवड्यातून एकदा दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून स्वतंत्रपणे मोजायला सांगा. तुम्ही १२ मोजले आणि त्यांनी १५, तर लहान संख्येला मोठीने भागून १०० ने गुणल्यावर एकमत ८० टक्के येते. साधारणपणे हीच किमान मर्यादा धरली जाते. त्याहून कमी आले, तर बहुधा वर्तनाची व्याख्याच सैल असते.

प्रश्न : हात धुण्याचे अकरा टप्पे पाडून मी मुलीच्या हातावर माझा हात ठेवून शिकवले. आता मुलगी नळासमोर उभी राहून माझ्या हाताची वाट पाहते.
– एक विशेष शिक्षिका, सातारा

उत्तर : तुम्ही शिकवले ते ती अचूक शिकली आहे : ‘ताईंचा हात आला, की हालचाल करायची.’ नळ, ओले हात, साबण या खुणांना अजून अर्थच आलेला नाही. मदत सुरू करतानाच ती कशी काढायची हे ठरवावे लागते. मुलीच्या मागे उभ्या राहा. तिच्या बोटांवरून तुमचा हात मनगटावर, मग कोपरावर, मग खांद्यावर न्या, आणि प्रत्येक टप्प्यापूर्वी तीन-चार सेकंद काहीही न करता थांबा. हे थांबणेच सर्वांना कठीण जाते. तिने एखादा टप्पा आपणहून केला, की त्या टप्प्याला मदतीने केलेल्या टप्प्याहून ठळकपणे मोठे प्रबलन द्या. तोंडी सूचना टाळा. ‘साबण घे, साबण घे’ हे शब्द हाताच्या मदतीपेक्षाही काढायला अवघड जातात. शेवटापासून शिकवण्याचाही विचार करा : पहिले दहा टप्पे तुमच्या मदतीने आणि रुमालाने हात पुसणे तिचे एकटीचे, मग शेवटचे दोन तिचे. असे केले, की काम संपवण्याचा आनंद रोज तिच्या वाट्याला येतो. घरी नळाला पाणी कधी येते तेही विचारा. अनेक घरांत मुले बादलीतून मगाने पाणी घेऊन हात धुतात, आणि केंद्रातील चकचकीत बेसिनवरचे अकरा टप्पे तिथे उपयोगी पडत नाहीत.

प्रश्न : स्वमग्न प्रौढ व्यक्तींनी एबीएबद्दल लिहिलेले अनुभव वाचून मी अस्वस्थ आहे. हात फडफडवणे थांबवले, बळेच डोळ्यांत पाहायला लावले, असे ते लिहितात. मी चुकीच्या क्षेत्रात आले आहे का?
– मानसशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ते अनुभव खरे आहेत, आणि प्रशिक्षणात ते लपवून ठेवणे मला मान्य नाही. इव्हार लोव्हास यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रातून १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने एबीएला जगभर नाव मिळवून दिले. आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत आणि सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोचली, असे त्यात म्हटले होते. पालकांना हा आकडा नेहमी सांगितला जातो. त्या मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकाव्या तशी यादृच्छिक नव्हती, आणि मोठ्याने ‘नाही’ म्हणणे व प्रसंगी मांडीवर चापट मारणे हेही त्या कार्यक्रमात होते, ही बाजू फार क्वचित सांगितली जाते. ‘सर्वसाधारण दिसणे’ हेच यश मानल्यामुळे इतरांना विचित्र वाटणारी प्रत्येक हालचाल थांबवण्याच्या यादीत गेली.

क्षेत्राच्या पायाभूत लेखनात मात्र याविरुद्धचा निकष आधीपासूनच आहे. कॅन्सस विद्यापीठातील डोनाल्ड बेअर, माँट्रोझ वुल्फ आणि टॉड रिझली यांनी १९६८ मध्ये एबीएची सात लक्षणे मांडली, त्यांतील पहिले ‘उपयोजित’ हे आहे. बदलायचे वर्तन संशोधकाच्या सोयीचे नको, त्या व्यक्तीच्या आणि समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचे हवे, असा त्याचा आशय आहे. वुल्फ यांनी १९७८ मध्ये पुढे जाऊन म्हटले, की उद्दिष्टे, पद्धती आणि परिणाम या तिन्हींबद्दल ज्यांच्यासाठी काम चालले आहे त्यांनाच विचारले पाहिजे. हात फडफडवण्याने कोणालाही इजा होत नाही आणि मुलाला त्यातून शांत वाटते. मग ते थांबवून कोणाची सोय होते? रस्ता ओलांडताना थांबणे, दुखते ते सांगता येणे, शौचालय वापरता येणे, ‘नको’ म्हणता येणे ही उद्दिष्टे या कसोटीला उतरतात. डोळ्यांत पाहणे उतरत नाही, कारण मूल मान वळवूनही ऐकत असू शकते.

रोजच्या कामात एक खूण पाळा. मूल तुमच्याकडे पाठ करते, साहित्य ढकलते, खोलीच्या दाराशी जाते, तेव्हा ते न बोलता नकार देत असते. पालकांची लेखी संमती फाइलमध्ये असली, म्हणून हा नकार रद्द होत नाही. ‘नकार दिला तरी करवून घ्यायचेच’ असे जिथे शिकवले जाते, तिथे तुम्ही चुकीच्या केंद्रात आहात. क्षेत्र चुकले असे मी म्हणणार नाही. तुमची अस्वस्थता घेऊन काम करणाऱ्यांची इथे गरज आहे.

प्रश्न : भारतात या कामासाठी कोणते प्रमाणपत्र ग्राह्य आहे?
– अनेक वाचक

उत्तर : ‘आरबीटी’ हे ४० तासांच्या प्रशिक्षणावर आधारलेले तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र अमेरिकेतील ज्या मंडळाकडून मिळते, त्या मंडळाने २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणे बंद केले आहे, म्हणून त्या नावाखाली कोणी शुल्क मागत असेल, तर आधी खात्री करून घ्या. नुसत्या ४० तासांच्या प्रशिक्षणाचा शिक्का म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे. विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून अपंग व्यक्तींसोबत काम करायचे असेल, तर १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. वर्तन विश्लेषक या व्यवसायाचा उल्लेख संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत आलेला आहे.

प्रश्न : सोमवारी मला पहिल्यांदा एका मुलासोबत एकटीने सत्र घ्यायचे आहे. तो चार वर्षांचा आहे. पहिल्या दिवशी काय शिकवू?
– एक प्रशिक्षणार्थी, रत्नागिरी

उत्तर : काहीही शिकवू नका. जमिनीवर त्याच्या शेजारी, थोडे अंतर ठेवून बसा. तो गाडीचे चाक फिरवत असेल तर तुम्हीही दुसरी गाडी घेऊन चाक फिरवा. प्रश्न विचारू नका, सूचना देऊ नका, ‘हा कोणता रंग?’ तर मुळीच नको. त्याला न पोचणारी वस्तू हवी असेल, तर त्याने मागण्याची वाट न पाहता द्या. सत्र संपेपर्यंत कागदावर दोनच गोष्टी लिहा : त्याने आपणहून कशाकशाला हात लावला, आणि तो किती वेळा तुमच्या दिशेने सरकला. मंगळवारीही तेच करा. तुम्ही दारातून आत येताच तो तुमच्याकडे येऊ लागला, की त्या दिवशी पहिली सूचना द्या, आणि तीही अशी की जी तो हमखास पूर्ण करील.